आर्ची हैदराबादला मोठी झाली

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा मी सोलापूरला कॉलेजात होते. मावशी पुण्याला. तिचं अर्धं आयुष्य राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमींत गेलेलं आणि आजही ती मुलांना नाटक शिकवते. उच्चार, आवाजाची फेक, रंगमंचावर नुसतं उभं कसं राहायचं, या बाबतीत ती कुणाची गय करत नाही. मी अभिनय शिकलेली नाही. पण करमाळा, जेऊर, उजनीच्या पाण्याकाठची गावं हा माझ्या ओळखीचा मुलूख, आणि त्या मुलखातली माणसं पडद्यावर आपल्याच भाषेत भांडताना, प्रेम करताना मी पहिल्यांदा पाहिली ती या सिनेमात. त्यामुळे 'सैराट'वर आमचं दोघींचं बोलणं निघालं की ते लवकर संपत नाही. नुकतंच झालेलं हे बोलणं. पाल्हाळ तेवढा काढला आहे.

मावशी : त्या मुलीचं कौतुक मलाही आहे. पण कौतुक नेमकं कशाचं करायचं, ते आधी ठरवू. नागराज मंजुळेंनी अकलूजमधली एक धीट, ताठ मानेची पोरगी हेरली आणि कॅमेऱ्यासमोर उभी केली. निवड अचूक होती, पण तिचं श्रेय दिग्दर्शकाचं. अभिनय म्हणजे आपण जे नाही ते होणं, आणि उद्या कुणी सांगितलं तर पुन्हा तसंच होऊन दाखवणं.

मी : म्हणजे आर्ची झालेली रिंकू राजगुरू जी होती तीच दिसली, असं तुझं म्हणणं?

मावशी : बव्हंशी. आणि त्यात कमीपणा नाही. पण त्याला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळतो आणि स्वतःचा आवाज घडवण्यात वर्षं घालवणारी माणसं बाजूला राहतात, हे मला खटकलं होतं. त्याच वर्षी १ जानेवारीला 'नटसम्राट' आला होता, आठवतंय? नाना पाटेकर. शिरवाडकरांचं १९७० सालचं नाटक, श्रीराम लागूंनी गाजवलेलं. ती भूमिका पेलायला आयुष्य खर्ची घालावं लागतं. आणि चार महिन्यांनी सगळा महाराष्ट्र एका शाळकरी मुलीच्या मागे धावला.

मी : 'शाळकरी' हा शब्द तूच वापरलास ते बरं झालं. रिंकूचा जन्म २००१ चा. चित्रीकरण झालं तेव्हा ती शाळेत होती. घरी आई-वडील दोघं शिक्षक. आता पडद्यावर काय आहे बघ. कॉलेजात जाणारी मुलगी, पाटलाची लेक, जिच्या बापाला अख्खं बिटरगाव दबून असतं. पुढे तीच घर सोडते, परक्या शहरात कारखान्यात काम करते, लग्न करते, आणि शेवटच्या भागात तिच्या पदरी एक चालता-बोलता मुलगा आहे. यातलं ती प्रत्यक्षात काय होती? आपण जे नाही ते होणं म्हणजे अभिनय, ही तुझीच व्याख्या.

मावशी : आईचा भाग छोटा आहे गं. साडी नेसवली, केस बांधले की अर्धं काम होतं.

मी : साडीनं वय वाढत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात साडी नेसून आई झालेल्या मुली आपण दोघींनी पाहिल्यात.

मावशी यावर हसली, पण हटली नाही. तिचा खरा मुद्दा पूर्वार्धाबद्दल होता, आणि तो मुद्दा हलका नाही, म्हणून तो तिच्याच शब्दांत देते.

मावशी : पूर्वार्धात या मुलांसाठी सिनेमानं किती केलंय ते मोज. सुधाकर रेड्डींचा कॅमेरा आहे. तो पाणी, माती, संध्याकाळचं ऊन असं काही टिपतो की करमाळ्याची माणसंसुद्धा म्हणाली असतील, आपलं गाव असं दिसतं? वर अजय-अतुलचं संगीत. त्यांनी त्यासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद वाजवून घेतला. गावातला पोरगा होडीतून पाण्यात उडी मारतो, पोहतो, काठानं पळत सुटतो, आणि मागे शंभरेक व्हायोलिनं वाजताहेत असं वाटतं. त्या पोरानं आणखी काय करायचं? नुसता पळाला तरी आपल्या डोळ्यांत पाणी. परश्या झालेला आकाश ठोसर कुस्ती खेळणारा मुलगा, अंग तयार, हसणं निर्मळ. त्याला बघताना लोकांनी स्वतःची सोळा-सतरा वर्षं बघितली. तो प्रेक्षकांचा अभिनय झाला, त्याचा नाही.

मी : पळून तो पोचतो कुठं, ते सांग.

मावशी : विहिरीवर.

मी : आणि विहिरीत उडी मारल्यावर काय होतं? आर्ची मैत्रिणींबरोबर पोहतेय. संगीताच्या सगळ्या उधाणावर ती पाणी टाकते. पोरांना सरळ बाहेर व्हायला सांगते. ज्या नायिकेकडे बघायला नायक जीव तोडून धावत आलाय, ती त्याला विहिरीबाहेर काढते, आणि त्यात नखऱ्याचा लवलेश नाही. ती विहीर जणू तिच्या मालकीचीच आहे अशा अधिकारात बोलते. तो अधिकार जातीचा आहे, घराण्याचा आहे, आणि तो मुलीला स्वतःला ठाऊकही नाही. हे कळून करायचं म्हटलं तर मोठ्या नटीलाही अवघड.

मावशी : कळून केलं असेल, असं तुला वाटतं?

मी : ते मला सांगता येणार नाही. पण पडद्यावर ते आहे. शिवाय दुसरा प्रसंग घे. ती त्याला विचारते, सारखा बघत का असतोस. तो विचारतो, आवडत नाही का. आणि ती उलट विचारते की आवडत नाही असं मी कधी म्हटलं. दुसऱ्या कुठल्याही मराठी सिनेमात इथं मुलगी खाली बघते, पदराशी नाहीतर वेणीशी चाळा करते. रिंकू ते वाक्य भांडणाच्या सुरात म्हणते. प्रेमाची कबुली आणि दम, दोन्ही एकाच आवाजात. तू तुझ्या मुलींना हे करायला सांगितलंस तर किती जणींना जमेल?

मावशी : बऱ्याच जणी लाजतील, हे खरं.

मी : प्रेक्षागृहात शिट्ट्या पडायच्या त्या वाक्याला. पण सोलापूरला माझ्या शेजारी बसलेल्या मुलीनं शिट्टी मारली नाही की हसली नाही. ती पुढे सरकून बसली. मुलीनं असं बोलायचं असतं, एवढं तिला त्या क्षणी कळलं असावं.

इथं मावशीनं 'शाळा' काढला. सुजय डहाकेचा सिनेमा, मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, आणीबाणीच्या दिवसांतला. अंशुमन जोशीचा मुकुंद, केतकी माटेगावकरची शिरोडकर. मावशीला तो 'सैराट'पेक्षा जवळचा. तिचं म्हणणं, त्या वयातलं प्रेम बहुतेकांच्या आयुष्यात असंच घडतं: काही घडतच नाही. वर्गात मान किती वळवायची, कुणी पाहिलं तर काय, घंटा झाल्यावर कुठल्या रस्त्यानं जायचं, एवढ्यातच सगळं येतं. अंशुमनच्या चेहऱ्यावर ते इतकं बारीक उमटतं की संवादांची गरज उरत नाही.

मी : 'शाळा' मलाही आवडतो. पण त्यात शिरोडकर आपल्याला दिसते ती मुकुंदाच्या नजरेतून. केतकीनं काम गोड केलंय, तरी ती मुलगी घरी एकटी असताना कशी असेल याचा पत्ता लागत नाही. नागराज मंजुळेंच्याच 'फँड्री'त तर हे आणखी टोकाला जातं. जब्या शालूच्या मागे वेडा आहे आणि सबंध सिनेमाभर त्याचं प्रेम तिच्यापर्यंत पोचतं की नाही, हेही आपल्याला धड कळत नाही. सोमनाथ अवघडेनं जे केलं ते अफाट आहे, पण शालू ही त्याच्यासाठी लांबून बघायची गोष्टच राहते. ज्या दिग्दर्शकानं २०१३ मध्ये शालूला त्या अंतरावर ठेवलं, त्यानंच तीन वर्षांनी मुलीच्या हातात बुलेट दिली, ट्रॅक्टर दिला आणि तिला टक लावून उलट बघायला लावलं. मुलगी बघते! वयात येण्याच्या आपल्या सिनेमांत हे फारच कमी वेळा झालंय.

मावशी : बुलेट आणि ट्रॅक्टर ही प्रतीकं झाली. मला अभिनयाबद्दल बोलायचंय.

मी : मग उत्तरार्धाबद्दल बोल. तिथं गाणं नाही. चारही गाणी पूर्वार्धात संपलेली. तू मोजलेली सगळी मदत तिथं काढून घेतलेली आहे. कॅमेरा सुंदर काही शोधत नाही, व्हायोलिनं गप्प आहेत. उरतात ती दोन मुलं आणि झोपडपट्टीतली एक खोली.

ज्यांना 'सैराट' फक्त 'झिंगाट'पुरता आठवतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला नाच चाललेला असताना ही दोघं मागे गाडीत सापडतात आणि तिथून सिनेमा बदलतो. मारझोड, पळापळ, पोलीस ठाणं. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार तयार होते, आणि आर्चीच ती उधळून लावते. चालत्या गाडीत चढून दोघं निघतात, हैदराबादला पोचतात, तिथं रात्री गुंडांच्या तावडीत सापडतात आणि सुमनअक्का नावाची मराठी बाई त्यांना वाचवते, राहायला खोली देते. १७४ मिनिटांच्या या सिनेमाचा हा भाग अनेकांना लांबलेला वाटतो. माझ्या मते खरा सिनेमा इथं आहे.

मी : पूर्वार्धातली आर्ची नेहमी कशाच्या तरी वर बसलेली असते, तुझ्या लक्षात आलं का? बुलेटवर, ट्रॅक्टरवर. हैदराबादला ती पहिल्यांदा जमिनीवर येते. चालायचं, फरशीवर बसायचं, फरशीवर झोपायचं. भाषा येत नाही, स्वयंपाक येत नाही, घाण वास सहन होत नाही. आडनाव सांगितलं तर कुणाला घाम फुटत नाही. जिच्या आवाजात हुकूम होता, तो आवाज ती तिथं वापरूच शकत नाही, कारण ऐकणारं कुणी नाही. रिंकू तो आवाज हळूहळू खाली आणते. एकदम नाही. आधी चिडचिड होते, मग रडणं, मग गप्प बसणं. नंतर कारखान्यात काम लागतं, तेलुगू जमायला लागतं, आणि वेगळाच आवाज येतो. तो ना पाटलाच्या लेकीचा, ना रडणाऱ्या पोरीचा. कमावत्या बाईचा आवाज आहे तो. वयात येणं म्हणतात ते हे. प्रेमात पडून कुणी मोठं होत नाही मावशी. विहिरीतली आर्ची प्रेमात पडलेली आहे, पण लहान आहे.

मावशी : आवाजाचं तू म्हणतेस ते पटतंय. मी त्या बाजूनं ऐकलं नव्हतं. पण एक सांगते, त्या भागात मला खरं धरून ठेवलं ते छाया कदमनं. सुमनअक्का आली आणि पडद्यावर वजन आलं. ती बाई मायाळू आहे आणि सावधही आहे. या पोरांना आसरा द्यायचा, पण फार कोमल व्हायचं नाही, हे तिच्या उभं राहण्यात आहे. 'फँड्री'त तीच जब्याची आई होती, आणि दोन्ही बायकांची चालसुद्धा एकमेकींसारखी नाही. याला मी अभिनय म्हणते. आज तिला 'लापता लेडीज' आणि 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधून जगानं पाहिलं. आम्ही ते आधीच ओळखलं होतं.

मी : त्यावर वाद नाही. मग सूरज पवारचंही नाव घे. प्रिन्स. 'पिस्तुल्या' या लघुपटात शाळेसाठी आसुसलेला पोरगा तोच होता. 'फँड्री'त जब्याचा दोस्त पिऱ्या. आणि इथं तो वर्गात येऊन शिक्षकाच्या कानाखाली वाजवणारा पाटलाचा मुलगा. ज्याला शाळेची पायरी मिळत नव्हती, त्यानंच पुढे वर्गात मास्तरला मारायचं! त्याच्या हात उचलण्यात कसलाही राग नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. सवय आहे नुसती.

मावशी : हो, आणि शेवटी तोच येतो. त्यालाही राग नसतो. शांत बसतो. ते चांगलं केलंय त्यानं. आणि तो तानाजी गळगुंडे. प्रदीप. लोक त्याला विनोदी म्हणून लक्षात ठेवतात, मला त्याचं टायमिंग फार आवडलं. शिकवून येत नाही ते. बघ, इथं मी माझ्याच विरुद्ध बोलतेय.

मी : बोल ना. मी थांबवत नाही.

मावशी : पण परश्याचं काय? तू आर्चीवरच बोलतेस. आकाश ठोसर उत्तरार्धात कमी पडतो, हे मान्य कर. पूर्वार्धात त्याला एकच सूर होता, हरखून जाण्याचा. पुढे संशय आहे, न्यूनगंड आहे, बायको आपल्यापेक्षा लवकर रुळली याचा सल आहे. ते त्याच्या चेहऱ्यावर उशिरा येतं. एकदम थप्पडच येते.

मी : मला ते एकदम येणंच खरं वाटतं. परश्या कविता करणारा, गावाचा लाडका, आर्चीसाठी डोसे भाजायला उभा राहणारा, तिला न येणारा स्वयंपाक स्वतः करणारा मुलगा. आपण त्याला चांगला मुलगा म्हणून बाजूला ठेवलेलं असतं. आणि ती कुणाशी फोनवर बोलते, कामावर कुणाशी हसते, यावरून त्याच पोराचा हात उठतो. त्याला घडवताना आकाशनं आधीपासून खुनशीपणाच्या खुणा पेरल्या असत्या, तर आपण म्हटलं असतं, हा पहिल्यापासून तसलाच. तो तसला नाही. गावात जातीनं त्याला खाली ढकललं, आणि खोलीत आल्यावर त्याला स्वतःच्या हाताखाली कुणीतरी सापडलं. हे त्याला कुणी शिकवलं नाही. आजूबाजूला बघत तो मोठा झालाय. त्या थप्पडेनंतर त्याचा चेहरा बघ, तिच्याइतकाच तोही हादरलेला आहे.

मावशी : हादरणं सोपं असतं गं. आधीचं साचणं दाखवायला कसब लागतं. या बाबतीत माझं मत बदलणार नाही. ती मुलगी त्याच्या फार पुढे गेली, आणि सिनेमाचा तोल त्यामुळे गेला.

मी : तोल जायलाच हवा होता. ती पुढे गेली म्हणूनच तर त्याचा हात उठला.

मावशी काही वेळ बोलली नाही. मग तिनं शेवटाचा विषय काढला. ज्यांनी 'सैराट' पाहिला त्यांना तो सांगायची गरज नाही, आणि तो शेवट माहीत नसलेला मराठी माणूस आता सापडणंही कठीण. मधली काही वर्षं गेलेली असतात. मुलगा झालाय, आकाश. दोघं पैसे जमवून स्वतःच्या फ्लॅटची स्वप्नं बघताहेत. आर्ची आईशी फोनवर बोलते, बाळालाही बोलायला लावते. आणि एक दिवस ती दारात रांगोळी काढत असताना प्रिन्स आणि घरची माणसं दारात उभी. सोबत आईनं दिलेल्या वस्तू. ती चहा ठेवते.

मावशी : तिथून पुढे नागराजनं आवाज बंद केला. चित्रपट म्हणून तो घाव बसतोच, मीही गप्प होऊन घरी आले होते. पण नट म्हणून सांगते, त्यानं आपल्या नटांना शेवट दिला नाही. भीती नाही, किंकाळी नाही, झटापट नाही. तीन तास आपण ज्यांच्याबरोबर राहिलो, ती जमिनीवर पडलेली दिसतात आणि सिनेमा एका लहानग्याच्या पायांवर संपतो. ते पाऊल दिग्दर्शकाचं आहे. रिंकूचं नाही, आकाश ठोसरचं नाही.

मी : त्यांचा शेवट त्याआधी झालेला आहे. स्वयंपाकघरात. माहेरचं माणूस आलं म्हणून ती जी लगबग करते ना, ती बघ. भीती आहे आणि आनंद आहे, आणि आनंद भीतीवर मात करतोय. बाहेर भाऊ बसलाय, त्यानं पूर्वी काय केलं ते तिला ठाऊक आहे. तरी तिला वाटतं, मिटलं सगळं. परश्या येतो, तोही बिचकतो, आणि तिच्याकडे बघून धीर धरतो. चहाचे कप बाहेर जातात. त्या दोघांच्या कामाचा कळस तो आहे. किंकाळी दाखवली असती तर तुझ्या मनात किंकाळी राहिली असती. आता तुला चहा आठवतो.

मावशी : मला पाय आठवतात.

मी : मला चहा. आणि अजून एक. हे कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. सिनेमा लागायच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाला मारून टाकलं. वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचं प्रेम आहे, एवढ्या संशयावरून. मुलाचं वय सतरा. करमाळ्याहून ते गाव फार लांब नाही. आमच्या भागात ज्यांनी 'सैराट' पाहिला, त्यांना शेवट धक्का म्हणून आला नाही. त्यांना तो माहीत होता, तीन तास विसरायला लावला होता इतकंच. हिंदी रिमेकनं, 'धडक'नं, तो शेवट बदलला. उदयपूर आणि कोलकाता आलं, नायिका जिवंत राहिली, नवरा आणि मूल गेलं, आणि जात कुठं तरी पुसट झाली. काही गाणी तीच, संगीत अजय-अतुलचंच. पण जान्हवी कपूरला बोलण्यात वापरायला कुठला अधिकारच दिलेला नव्हता, तर तो गमावल्याचं ती दाखवणार कशी? दोष तिचा नाही.

मावशी : तिथं आपलं जमतं. 'धडक' मी अर्ध्यात बंद केला.

मी : मग आता खरं सांग, रिंकू पुन्हा तसं करू शकते का, हा तुझा जुना प्रश्न. 'झुंड' पाहिलास?

मावशी : पाहिला. पण तोही नागराजचाच. कन्नडमध्ये तिनं पुन्हा आर्चीच केली, 'मनसु मल्लिगे'मध्ये. त्यावरून काही ठरत नाही.

मी : 'झुंड'वरून ठरतं. अमिताभ बच्चन समोर आहेत, फुटबॉलच्या संघाची धामधूम आहे, आणि मध्येच रिंकूचा एक वेगळा धागा. आदिवासी मुलगी, बापाबरोबर पासपोर्टसाठी कागदपत्रं गोळा करत दारोदार फिरते. आपण कोण आहोत याचा पुरावा मागत. जिला बिटरगावात नाव सांगायची गरज नव्हती, तीच मुलगी इथं नाव सिद्ध करायला रांगेत उभी. बोलणं जवळपास नाही. मान खाली, अंग चोरून चालणं. ताठ मान हा तिचा जन्मजात गुण होता ना? मग ती मान कुठं गेली?

मावशी : ...ते काम चांगलं होतं. मला आधी ती ओळखूच आली नाही.

मी : झालं तर.

मावशी : झालं नाही. 'सैराट'वर माझा एक राग आहे आणि तो अभिनयापेक्षा मोठा आहे. थप्पडेनंतर ती निघून जाते. गाडीत बसते. मला वाटलं, आता ही मुलगी मोठी झाली. आणि ती परत येते. का परत येते? इकडे परश्या गळफास लावून घ्यायला निघालेला. मी नाटकं बसवणारी बाई आहे, मला ही युक्ती कळते. पुरुष मरायला निघाला की बाईनं मागचं सगळं विसरायचं. आमच्या जुन्या नाटकांत दर दुसऱ्या अंकात हेच चालायचं.

मी : पण ती परत निघते तेव्हा तिला फासाबद्दल काहीच ठाऊक नसतं. आपल्याला दिसतं, तिला नाही. तिचा निर्णय आधीच झालेला आहे. घरी गेलं तर बाप आहे, प्रिन्स आहे. इथं एक खोली आहे, तिनं स्वतः मिळवलेली नोकरी आहे, आणि एक माणूस आहे ज्यानं तिला मारलं. ती यांतून निवडते. तुला ती निवड आवडली नाही तरी ती कुणी तिच्यावर लादलेली नाही.

मावशी : फासाचं तू म्हणतेस ते खरं. ती न कळता आली. पण मग त्या थप्पडेचं काय झालं? तो हिशेब कुणी मागितला?

मी : कुणीच नाही. आर्चीनंही नाही. पुढे दोघं थेट विवाह नोंदणीच्या कचेरीत दिसतात.

मावशी : मग माझं म्हणणं एवढंच आहे. दारात उभं राहणं आणि नोंदणीच्या वहीत सही करणं, यांच्या मध्ये एक रात्र गेली असणार. त्या रात्री ती त्याला काय म्हणाली, हा प्रसंग नागराजनं लिहायला हवा होता. आणि करायला तीच मुलगी हवी होती. दुसऱ्या कुणाला जमला नसता.